फेलोशिप कुणाच्या नावे?

विज्ञानात पीएचडी झाली की पुढची पायरी ठरलेली: पोस्टडॉक. ही पायरी पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत पक्की बसली. रॉकफेलर फाउंडेशनच्या मनात तेव्हा भौतिक आणि रसायनशास्त्रासाठी एकच मोठी मध्यवर्ती संस्था काढायचं होतं. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन यांनी त्याला विरोध केला. संशोधन विद्यापीठांतच वाढावं आणि त्यासाठी तरुणांना पैसा द्यावा, असा त्यांचा आग्रह होता. अखेर 1919मध्ये फाउंडेशननं नॅशनल रिसर्च कौन्सिलला पाच लाख डॉलर देऊ केले आणि नव्या पीएचडीधारकांसाठी फेलोशिप सुरू झाल्या. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात 1876पासून फेलो होते, त्यांतले काही तर पीएचडी झालेले. पण देशभरची व्यवस्था उभी राहिली ती 1919मध्ये.

फेलोशिप संशोधकाच्या नावे असे, हे त्यातलं मर्म. भौतिकशास्त्रज्ञ ओपनहायमर यांनी 1927मध्ये गटिंगेनला पीएचडी केली, ही फेलोशिप घेतली आणि काही महिने हार्वर्डला, काही कॅलटेकला काढले. बर्कलीची नोकरी समोर असताना ते आणखी शिकायला पुन्हा युरोपात गेले. लायडनला एरेनफेस्ट यांच्याकडे असताना डच शिकून त्यांनी त्याच भाषेत व्याख्यान दिलं, मग झुरिकला पाउली यांच्याजवळ बसले. कुणाच्या प्रकल्पाचं काम त्यांच्या गळ्यात नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी पैसा आला तो मुख्यतः प्रकल्पांसाठी, प्राध्यापकांच्या नावे. त्यातून पोस्टडॉक नेमले जाऊ लागले. विषय प्राध्यापकाचा, मुदतही त्याच्या अनुदानाची. 1969मध्ये नॅशनल रिसर्च कौन्सिलनंच पोस्टडॉकांची देशभर पाहणी केली, तेव्हा अहवालाला नाव दिलं ‘अदृश्य विद्यापीठ’.

आपल्याकडचा रिसर्च असोसिएट (आरए) याच घरातला. 1 जानेवारी 2023पासून केंद्राच्या प्रकल्पांत आरएची पहिली श्रेणी महिना 58,000 रुपये, वर घरभाडे भत्ता. पण प्रकल्प संपला की पद संपतं. प्रयोगशाळेचं निम्मं काम ज्याच्या खांद्यावर, तो ना विद्यार्थ्यांत, ना कायम कर्मचाऱ्यांत. हे मला अन्यायाचं वाटतं. केंद्राची नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप मात्र जुन्या वळणाची आहे: प्रस्ताव उमेदवारानं लिहायचा, मार्गदर्शक त्यानं निवडायचा. अशा जागा वाढायला हव्यात, आणि दरमहा पैसे वेळेवर खात्यात जमा व्हायला हवेत.