ब्रेकची किंचाळी : एका आवाजाचा माग

फ्रेडरिक लँचेस्टर या बर्मिंगहॅमच्या अभियंत्याने 1902 साली एका ब्रेकचे पेटंट घेतले. चाकाबरोबर फिरणारी धातूची पातळ तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारे जबडे, अशी त्याची रचना होती. आज मोटारसायकलीपासून रेल्वेपर्यंत सर्वत्र दिसणाऱ्या डिस्क ब्रेकचा हा पूर्वज. लँचेस्टरने जबड्यांना तांब्याचे अस्तर लावले होते. तांबे लोखंडावर दाबले की जे होते तेच झाले : गाडी थांबायची खरी, पण गल्ली जागी करून. लँचेस्टर काही किरकोळ माणूस नव्हता. पुढे विमानविद्येत आणि युद्धातील संख्याबळाच्या गणितात त्याचे नाव झाले. पण या आवाजापुढे त्याचे काही चालले नाही, आणि त्याची तबकडी अर्धशतक अडगळीत पडून राहिली. जगाने ढोलाच्या आकाराचा ड्रम ब्रेक उचलला.

मोटारींच्या इतिहासात ही गोष्ट एका परिच्छेदात संपते. मला तो परिच्छेद पुरेना. मी अभियंता नाही, इतिहासाचा पदवीधरही नाही. नोकरी आकडेमोडीची झाली आणि वाचन रात्रीचे. पण गेली काही वर्षे मी यंत्रांच्या आवाजांचा इतिहास गोळा करतो आहे. यंत्रांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला, त्यांच्या आवाजांचा फारसा कोणी लिहिलेला नाही. एक स्नेही आपली साठच्या दशकातली ब्रिटिश बनावटीची दोन आसनी स्पोर्ट्स कार घेऊन माझ्याकडे आले आणि "अहो, तुम्ही आवाजांवर लिहिता ना? मग हिचा सांगा," म्हणाले, तेव्हा हा विषय कागदावरून रस्त्यावर उतरला.

गाडी देखणी होती. ताशी पंधरा-वीसच्या वेगाने सिग्नलपाशी येताना मात्र ती अशी किंचाळे की रस्त्यावरची कुत्री मान वळवत. तीन गॅरेजांनी तीन निदाने केली होती : फॅनबेल्ट, क्लचचे बेअरिंग, चाकाचे बेअरिंग. तिन्ही बदलून झाले होते. किंचाळी तशीच.

आवाजाचा शोध घ्यायचा म्हणजे आधी त्याला प्रश्न विचारायचे. गाडी उभी ठेवून इंजिन फिरवले, आवाज नाही. म्हणजे पट्टा सुटला. उभ्या गाडीत क्लच दाबला-सोडला, तरी शांत, क्लच सुटला. मग आम्ही एका लांब कंपाउंडच्या भिंतीला समांतर गाडी चालवली, आधी डाव्या अंगाने, मग उजव्या. भिंत आवाज परत कानाशी आणून टाकते, त्यामुळे बाजू कळते. आवाज डाव्या पुढच्या चाकाचा होता. ब्रेकवर पाय नुसता टेकवला की सुरू होई आणि जोरात दाबला की बंद. सगळ्यांत महत्त्वाच्या दोन गोष्टी मात्र नंतर लक्षात आल्या. एक, वेग तिसावरून दहावर आला तरी आवाजाची पट्टी बदलत नव्हती. मोबाइलवरच्या स्वरमापकात आकडा दोन हजार तीनशे हर्ट्झच्या आसपास चिकटून राही. आणि दुसरी, गाडी मागे घेताना ती अजिबात किंचाळत नसे.

पट्टी न बदलणे ही फार बोलकी खूण आहे. बेअरिंग किंवा पट्टा वेगाबरोबर आपला सूर चढवतो-उतरवतो, कारण त्याचा आवाज फेऱ्यांशी बांधलेला असतो. इथे सूर फेऱ्यांशी बांधलेला नव्हता, धातूशी बांधलेला होता. तबकडी, पॅड, कॅलिपर यांना स्वतःचा नैसर्गिक सूर असतो. घर्षण त्यांना फक्त गायला लावते. व्हायोलिनचेही तेच. गज हळू ओढा की जलद, तारेचा सूर तोच राहतो.

हे व्हायोलिन मी अलंकार म्हणून आणलेले नाही. घासण्यातून सूर कसा निघतो, याचे पद्धतशीर उत्तर मोटारवाल्यांच्या आधी तंतुवाद्यवाल्यांनी शोधले. जर्मनीत हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात गजाखालच्या तारेची हालचाल सूक्ष्मदर्शकातून पाहिली. तार गजाला चिकटून थोडी ओढली जाते, मग सुटून झटकन मागे येते, पुन्हा चिकटते. हे सेकंदाला शेकडो वेळा घडते. आणि 1918 साली कोलकात्याच्या बोबाजार स्ट्रीटवरच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समधून चंद्रशेखर वेंकट रामन यांनी गजाने वाजणाऱ्या तारांच्या यांत्रिक सिद्धान्तावर एक मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. प्रकाशावरचे त्यांचे जगप्रसिद्ध काम त्यानंतर दहा वर्षांनी आले. आपण रामन म्हटले की समुद्राचा निळा रंग आठवतो. त्यांची आधीची कित्येक वर्षे तारा, तबला आणि मृदंग यांत गेली, हे कमी सांगितले जाते. गजाचा वेग आणि दाब मोजूनमापून बदलता यावा म्हणून त्यांनी व्हायोलिन वाजवणारे एक यंत्रही बनवले होते.

मोटारींच्या जगात हे 'चिकटणे-सुटणे' पोचायला बराच वेळ लागला. 1935 साली ब्रिटनच्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेसाठी लामार्क यांनी ब्रेकच्या किंचाळीवर कारखानदारांचे आणि वाहतूकवाल्यांचे अनुभव एकत्र केले, 1938 साली मिल्स यांनी प्रयोग केले. धागा साधारण असा होता की वेग वाढला की घर्षण कमी होणारे अस्तर जास्त ओरडते. म्हणजे दोष पदार्थात, पदार्थ बदला. हे अंशतः खरेही आहे. पण एकच पॅड एका गाडीत गप्प आणि दुसरीत किंचाळते, याचा उलगडा त्यातून होत नाही. आणि आमच्या गाडीचे काय? पुढे जाताना ओरडणारे तेच पॅड मागे जाताना मुके कसे?

मधल्या काळात तबकडी परत आली होती. डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार सी-टाइपने 1953 साली ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली, आणि तीही ताशी शंभर मैलांहून जास्त सरासरीने; तिथे असे प्रथमच घडले. मग स्पोर्ट्स गाड्यांमध्ये डिस्क ब्रेकची रीघ लागली, आणि तबकडीबरोबर लँचेस्टरची किंचाळीही परतली. 1961 च्या सुमारास या विषयावर इंग्लंडात एकामागून एक निबंध निघाले ते उगाच नव्हेत. गिऱ्हाइके तक्रारी करत होती.

त्यातला आर. टी. स्पर यांचा निबंध मला सर्वांत आवडतो. स्पर म्हणतात, घर्षणाचा गुणांक अगदी स्थिर असला तरीही किंचाळी येऊ शकते, कारण भानगड भूमितीत आहे. शाळेतला खडू आठवा. खडू हाताच्या ओढीबरोबर मागे झुकवून ओढला तर गुपचूप लिहितो. तोच फळ्याशी जवळजवळ काटकोनात धरून पुढे ढकलला तर अंगावर काटा आणतो, कारण ढकलताना तो फळ्यात रुततो, रुतला की घर्षण वाढते, वाढलेल्या घर्षणाने आणखी रुततो, शेवटी वाकून सुटतो आणि पुन्हा रुततो. ब्रेक पॅडचे असेच. तबकडी ज्या कडेकडून पॅडखाली शिरते त्या कडेवर दाब जास्त पडला, की पॅड पुढे ढकललेल्या खडूसारखे वागते. दाब मागच्या कडेकडे सरकवला, की ते ओढलेला खडू होते. पुढे सत्तरच्या दशकात नॉर्थ यांनी याहून खोल गणित मांडले. दोन भागांचे नैसर्गिक सूर घर्षणामुळे एकमेकांच्या जवळ येऊन एक झाले की कंपन स्वतःलाच खतपाणी घालते. आज संगणकावर होणारी गणिते त्याच वाटेने जातात. पण गॅरेजमध्ये स्पर पुरतात.

आम्ही डावे चाक उतरवले. कॅलिपरचा दट्ट्या आणि पॅडची पाठ यांच्यामध्ये एक पातळ पत्रा होता, ज्याला शिम म्हणतात. त्याचा एका बाजूचा तुकडा कापलेला होता आणि त्यावर बाण कोरलेला. बाण गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरते तिकडे असायला हवा. तो उलट होता. कधीतरी कोणीतरी पॅड बदलताना पत्रा फिरवून बसवला होता. त्यामुळे दाब नेमका शिरणाऱ्या कडेवर पडत होता. आणि गाडी मागे घेताना, दिशाच उलटल्यामुळे, सगळे बरोबर होत होते. पत्रा फिरवला, पाठीला उष्णता सोसणारे ग्रीस लावले, आणि गाडी गप्प झाली. एका पत्र्यात स्परचा सिद्धान्त कापून ठेवलेला होता, आणि त्याचा अर्थ विसरला गेला होता.

इथे स्नेह्यांचे काम संपले. माझे संपले नाही, कारण त्या गॅरेजच्या मिस्त्रींनी मध्येच एक गोष्ट केली होती. पत्रा सापडण्यापूर्वी त्यांनी जुने पॅड हातात घेऊन कानस उचलली. "साहेब, कडा मोडल्या की आवाज जातो. चाळीस वर्षं हेच करतो." म्हणाले आणि घासायला लागणार, तोच मी त्यांचा हात धरला. पॅड किती जुने आहेत, हे स्नेह्यांना माहीत नव्हते. पेटीत आलेले, परदेशातून कोणीतरी पाठवलेले, जुन्या साठ्यातले.

आता पुन्हा लँचेस्टरकडे जावे लागते. त्याच्या किंचाळीवर उपाय सापडला होता, तो सांगायचा मी मुद्दाम मागे ठेवला. डर्बीशायरमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाचा माणूस 1897 पासून ब्रेकच्या अस्तरांचे प्रयोग करत होता. उतारावर घोडागाड्या हाकणारे लोक लाकडी ठोकळ्यांवर जुन्या बुटांचे चामडे ठोकतात, हे त्याने पाहिले, आणि तिथून त्याचा धंदा सुरू झाला असे सांगतात. चॅपल-एन-ल-फ्रिथ या गावात त्याने कारखाना काढला. त्याच्या आडनावाची अक्षरे फिरवून आणि पत्नी एलिझाबेथच्या नावाचे आद्याक्षर त्यात घालून 'फेरोडो' हे नाव तयार झाले. लँचेस्टरच्या ब्रेकला तांब्याऐवजी अॅस्बेस्टॉसचे अस्तर लावून आवाज घालवण्याची युक्ती फ्रूडचीच, अशी कथा मोटारींच्या इतिहासात रूढ आहे. 1908 पासून अॅस्बेस्टॉस हाच ब्रेकचा मुख्य घटक होत गेला. तो जळत नाही, विणता येतो, स्वस्त आहे, आणि पुष्कळदा गप्प राहतो. स्परही याच फेरोडोच्या संशोधन विभागात काम करत. म्हणजे किंचाळीचे औषध आणि किंचाळीचे स्पष्टीकरण, दोन्ही एकाच पत्त्यावरून निघाले.

त्या औषधाचा हिशेब मात्र दुसऱ्या वह्यांत लिहिला जात होता. रॉचडेलच्या अॅस्बेस्टॉस गिरणीत काम केलेली नेली केर्शॉ 1924 साली वारली. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुफ्फुसांवर ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये टिपण लिहिले. 1930 साली मेरेवेदर आणि प्राइस यांचा सरकारी अहवाल आला. तपासलेल्या 363 कामगारांपैकी 95 जणांच्या फुफ्फुसांत तंतुमयता आढळली होती. 1931 साली नियम झाले, ते कारखान्यांतल्या धुळीच्या कामांसाठी. गॅरेजात कानस चालवणारा माणूस त्यांत कुठेच नव्हता. स्परचा निबंध निघाला तोवर या अहवालाला तीस वर्षे उलटून गेली होती. ब्रिटनने सर्व प्रकारच्या अॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली ती 1999 मध्ये.

ब्रेकवाल्यांचा बचावही नोंदवायला हवा. ब्रेक लागताना इतकी उष्णता होते की झिजलेल्या धुळीतले बहुतेक अॅस्बेस्टॉस जळून निराळ्याच, त्या मानाने निरुपद्रवी खनिजात बदलते, असे तपासण्यांत आढळले आहे. ते खरे आहे. पण कडा मोडण्यासाठी कानस चालवली जाते ती न जळलेल्या पॅडवर. म्हणजे मिस्त्रींच्या कानशीखाली येतो तो अस्सल तंतू. आवाज घालवायचा सर्वांत प्रचलित घरगुती उपाय नेमका तोच, ज्यात धूळ सर्वांत वाईट. इतक्या वर्षांत हे दोन धागे एका पानावर बांधलेले मला कुठे दिसले नाहीत. किंचाळीवर लिहिणारे किंचाळीवर लिहीत, फुफ्फुसांवर लिहिणारे फुफ्फुसांवर.

मुंबईचाही यात वाटा आहे. घाटकोपरला लालबहादूर शास्त्री मार्गावर हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना होता. आपल्या कित्येक ट्रकांना आणि बसगाड्यांना तिथली अस्तरे लागली. आपल्याकडे क्रायसोटाइल या पांढऱ्या अॅस्बेस्टॉसची आयात आणि वापर आजही कायद्याने बंद नाही. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याबाबत निर्देश दिले, तेही मुख्यतः खाणी आणि कारखाने डोळ्यांपुढे ठेवून. रस्त्याकडेच्या गॅरेजाची नोंदवहीच नसते, तर तपासणी कोण करणार?

मिस्त्रींना मी हे सगळे सांगितले नाही. एवढेच सांगितले की जुन्या पॅडमध्ये काय आहे ते बघून कळत नाही, म्हणून ते कोरडे घासायचे नाही आणि चाकातली भुकटी हवेच्या नळीने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "आमचे उस्ताद तोंडानं फुंकायचे. साठीच्या आतच गेले. दम्यानं गेले म्हणाले लोक." त्यावर मी काही बोललो नाही. कशाने गेले ते आता कोणालाही ठरवता येणार नाही.

नवे पॅड अॅस्बेस्टॉसविरहित मिळाले. जुने चार त्यांनी दोन पिशव्यांत बांधले आणि फळीवर वरच्या खणात ठेवले. त्याच खणात तेलाच्या एका रिकाम्या डब्यात पंधरा-वीस जुनी अस्तरे होती, पितळी तारेची वीण दिसणारी. "ही पण तसलीच का?" त्यांनी विचारले. मी डबा हलवू नका म्हणालो.