'युद्ध आणि शांति'मधील फ्रेंच

टॉल्स्टॉयची 'युद्ध आणि शांति' ही कादंबरी रशियन वाङ्मयाचें भूषण. पण मूळ ग्रंथ उघडतांच पहिलें वाक्य कानीं पडतें तें फ्रेंच! १८०५ सालचा जुलै महिना, पीटर्सबर्गमधील राजदरबारच्या एका मानकरणीचा दिवाणखाना. बाई नेपोलियनला शिव्याशाप देत आहेत, आणि ते नेपोलियनच्याच भाषेंत. हें कादंबरीकाराचें कुभांड नव्हे. रशियन सरदारघराण्यांतील मुलें लहानपणापासून फ्रेंच शिक्षकांच्या हातीं वाढत. रशियन बोलायचें तें बहुधा दाई-नोकरांशीं.

ही कादंबरी १८६५ पासून प्रसिद्ध होऊं लागली, तेव्हां या सरमिसळीवर टीका झाली. १८६८ सालीं टॉल्स्टॉयनें उत्तर दिलें कीं, चित्रांतील छाया ओळखूं न येणाऱ्यास ती नाकाखालचा काळा डागच वाटते. उत्तर बाणेदार खरें. पण १८७३ च्या आवृत्तींत त्यानेंच फ्रेंच काढून तेथें रशियन घातलें! १८८६ च्या आवृत्तींत तें परत आलें, हें माझ्या मतें वाचकांचें भाग्य.

कां, तें एका प्रसंगावरून दिसेल. सुंदर पण पोकळ मनाच्या एलेनशीं पिएरचें लग्न ठरतें. अशा वेळीं कांहीं ठराविक बोलावें लागतें एवढेंच त्याला स्मरतें, आणि तो 'माझें तुमच्यावर प्रेम आहे' असें फ्रेंचमध्यें म्हणतो. तें ऐकून त्याची त्यालाच लाज वाटते. हेंच वाक्य स्वभाषेंत घातलें तर उसनेपणा नाहींसा होतो. म्हणून फ्रेंच न जाणणाऱ्यानेंही लगेच तळटीपेकडे धांव घेऊं नये. अर्थ मागाहून कळला तरी चालेल. कोण, कोणापाशीं, कोणत्या वेळीं भाषा बदलतो, तें आधीं पाहावें.

पुढें १८१२ सालीं नेपोलियन मॉस्कोवर चालून येतो आणि तेथील मंडळींना एकाएकीं स्वभाषेचा उमाळा येतो. एक सरदार रशियन शिकविण्यास मास्तर ठेवतो. ज्यूलीच्या बैठकींत फ्रेंच शब्दाला दंड, आणि तो वर्गणीच्या निधींत जमा! ती फ्रेंच शब्द उच्चारून दंड कबूल करते, तोंच तेथील एक लेखक तिला दुसरा दंड सांगतो: शब्द रशियन खरे, पण वाक्याची घडण फ्रेंच. हा दुसरा दंड मात्र ज्यूली मान्य करीत नाहीं. पण थोड्याच वेळानें एका तरुणाच्या प्रेमप्रकरणाची कुजबूज करतांना ज्यूली पुनः फ्रेंचवर घसरते. दंडाची आरोळी होते, तेव्हां ती विचारते, 'पण हें रशियनमध्यें म्हणावें तरी कसें?'