रोज, उक्ते आणि वाटो

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्याला ‘तासाला किती मिळतात?’ असे विचारून बघा. तो एकदा तुमच्या तोंडाकडे बघेल आणि दोर तुमच्याच हातात देईल. मी मालवणात छोट्या धंदेवाल्यांचे हिशेब लिहितो. कोणाच्या कामाचे पैसे कसे ठरतात हे बघायची त्यामुळे खोडच लागली आहे. रापणीचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या तोंडीच चालला, पण त्याच्याइतकी पक्की वाटणी माझ्या वह्यांत दुसरी नाही.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. होडी किनाऱ्यावरून निघते, जाळे सोडत अर्धवर्तुळ घेते आणि पुन्हा किनाऱ्याला लागते. दोन्ही टोकांचे दोर वाळूवर येतात, माणसांच्या दोन रांगा लागतात आणि ओढणे सुरू होते. मोठ्या रापणीला पन्नासाहून जास्त माणसे लागतात आणि जाळे सावकाश येते. हे जाळे एकाचे नसते, घराघरांतले तुकडे जोडून ते बनते. पूर्वी सुताची जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून टिकवावी लागत. नायलॉन आल्यावर ते कष्ट सुटले. मासळी वाळूवर आली की तिथेच लिलाव होतो आणि पैशाचे वाटे पडतात. जाळ्याचा वेगळा, होडीचा वेगळा, ओढणाऱ्या हातांचा वेगळा. वाटेने जाणारा कोणी दोराला हात लावून गेला तरी त्याच्या पिशवीत चार बांगडे पडतात.

सगळ्यांत गंमत आहे ती पाणी ओळखणाऱ्या जाणत्याची. पाण्याचा बदललेला रंग, वर घिरट्या घालणारी पाखरे यावरून तो माशांचा थवा ओळखतो आणि खूण करतो. काम काही मिनिटांचे. पण ती खूण चुकली तर बाकीच्यांचे सगळे तास पाण्यात. त्याला मिनिटांवर मोजायचे तर काय मोजणार? त्या मिनिटांमागे त्याच्या बापाचे आणि आज्याचे पावसाळे आहेत. जाळे पेडव्यांनी भरले तर गावाची चंगळ. नुसती जेलीफिश आली तर सगळ्यांचे हात रिकामे. घाम तेवढाच गाळलेला असतो, तरी कोणी कोणाकडे मजुरी मागत नाही. मागणार कोणाकडे? मालकच नाही.

याचे फार गोडवे गाऊ नयेत. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणाऱ्या बायका लिलावात माल घ्यायच्या आणि पुढच्या नफ्यातोट्याच्या धनी त्याच. नासलेली मासळी कोणाच्या वाट्यात धरली जात नसे.

किनाऱ्यापासून थोडे आत, माडांच्या बागेत गेलो की हिशेब बदलतो. नारळ काढणारा पाडेली माडामागे पैसे घेतो. आधी माडामागे नारळ घेत असे. इथे समुद्रासारखी बेभरवशाची गोष्ट नाही, माड समोर उभा आहे, म्हणून वाटा नको, नगावर दर पुरतो. तरबेज पाडेली झरझर चढून उतरतो आणि नवखा अर्ध्यावर दम खातो. तासावर पैसे दिले असते तर नवख्याला जास्त मिळाले असते. बागायतदाराला हे कोणी शिकवावे लागले नाही. घर बांधायला काढले की गवंडी आजही पहिला प्रश्न हाच विचारतो: रोजावर की उक्ते? रोजावर काम म्हणजे मालकाने चिऱ्याचिऱ्यावर उभे राहायचे. उक्ते म्हणजे काम लवकर उरकते, पण सांधे डोळ्यांत तेल घालून तपासावे लागतात.

न्हाव्याचे तिसरेच होते. त्याला वर्षाचे बैते मिळे, म्हणजे सुगीला भात. किती डोकी, किती वेळा, याची मोजदाद नसे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली ‘गावगाडा’ लिहिले तेव्हाच या बलुत्याच्या व्यवहारावर कठोर टीका केली होती. माझी तक्रार साधी आहे: ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या कामाची किंमत ठरत नाही, रीत ठरते. जातीने नेमलेला कारागीर दर वाढवून मागणार कुठे?

घड्याळ आमच्याकडे आले ते मुंबईहून. तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होते (सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1 मे 1981 रोजी), आणि त्या जिल्ह्याने गिरण्यांना माणसे पुरवली. भोंग्यावर उठणे, भोंग्यावर सुटणे हे गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्याच्या बोलण्यातून घराघरांत शिरले. पण त्या भोंग्याखालीसुद्धा मागावरच्या विणकराला पैसे कापडाच्या मापावर मिळत. गावी मात्र हे कोणी सांगितले नाही. गावाला दिसला तो महिन्याचा मनीऑर्डरचा आकडा, जो समुद्र खवळला म्हणून कमी होत नव्हता. रापणकराच्या घरातला पोरगा गिरणीत का गेला, याचे उत्तर माझ्या मते त्या आकड्यात आहे.

मग इंजिन आले. ट्रॉलरला डिझेल लागते, बर्फ लागतो, डोक्यावर कर्जाचा हप्ता असतो. वाट्याच्या आधी खर्च वजा होऊ लागला. खर्च मालकाने सांगायचा आणि खलाशाने ऐकायचा. पुढे अनेक बोटींवर महिन्याच्या पगारावर बाहेरची माणसे आली. किनाऱ्याजवळची मासळी यंत्रांनी ओढली तेव्हा शेजारी गोव्यात 1970 च्या दशकात रांपणकार रस्त्यावर उतरले, मातान्ही साल्ढाणा त्यांचे पुढारी. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 चा. पर्ससीन जाळ्यांवर बंधने घालणारा राज्याचा आदेश 5 फेब्रुवारी 2016 चा, आणि त्यामागे मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांची वर्षानुवर्षांची भांडणे आहेत. ते भांडण मासळीचे तर होतेच, पण मला त्यात दोन वह्यांचेही भांडण दिसते: एकीत खर्च आधी लिहितात, दुसरीत वाटे.

आता त्याच पाण्यात स्कूबाच्या होड्या आहेत. तारकर्लीला एमटीडीसीने डायव्हिंगची प्रशिक्षण संस्था काढली आणि रापणकरांची पोरे प्रमाणपत्र घेऊन पर्यटकांना खाली नेऊ लागली. पाण्यातून वर आलेला पाहुणा कुरकुरतो, एवढ्या मिनिटांचे एवढे पैसे? दर माणशी असतो, मिनिटांवर नाही, आणि ते रास्तच आहे. पोहता न येणाऱ्याला समुद्राच्या तळाशी नेऊन हसत परत आणणाऱ्याला मिनिटे मोजून कोण पैसे देईल?

पाहुण्याकडून पैसे मोलाप्रमाणे घेतले जातात, पण खाली नेणाऱ्या पोराला पुष्कळदा मिळतो रोज. डिसेंबरात होडी दिवसभर भरलेली असो की दोनच पाहुणे येवोत, त्याचा आकडा तोच. वादळाचा बावटा लागून होडी वाळूवर राहिली की शून्य. म्हणजे रापणीतला रिकाम्या जाळ्याचा तोटा त्याच्याकडे आला, भरल्या जाळ्याचा वाटा तेवढा आला नाही. माझ्याकडे ज्यांची वही आहे अशा एका होडीवर गेल्या हंगामात एक पोरगा मालकाला म्हणाला, “माका रोज नको, वाटो व्हयो.” मालक राजी झाले, पण आधी कॉम्प्रेसरचा हप्ता आणि डिझेल वजा करा म्हणाले. पोराने खर्चाची वही बघायला मागितली. ती मी आता दोघांसाठी लिहितो, महिन्याअखेर दोघांच्या सह्या घेऊन. कॉम्प्रेसरच्या हप्त्याचा वाद अजून मिटलेला नाही.