मुका मार आणि जागता पहारा

डोक्याला मार लागलेल्याला झोपू देऊ नये, ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे, तशीच ती युरोप-अमेरिकेतही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिला अडाणीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण तिच्या मुळाशी खरीखुरी भीती आहे. अठराव्या शतकात झाँ-लुई पेती या फ्रेंच शल्यवैद्याने दोन प्रकारच्या बेशुद्धीतला फरक सांगितला. मार बसताक्षणी शुद्ध हरपते ती मेंदूला बसलेल्या हादऱ्याने. मध्ये काही वेळ माणूस नीट बोलून-चालून मग हरपते ती कवटीत साचत गेलेल्या रक्ताच्या दाबाने. या दुसऱ्या प्रकारातला माणूस ‘जरा पडतो’ म्हणून आडवा होतो आणि पुन्हा उठत नाही. 1962 साली बार्बाडोसमध्ये गोलंदाज चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारतीय क्रिकेट कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला, तेव्हाही मैदानाबाहेर आल्यानंतर त्यांची प्रकृती ढासळत गेली आणि तातडीने कवटीची शस्त्रक्रिया करावी लागली.

पण झोपेमुळे रक्तस्राव होत नाही. कवटीच्या आत काय चालले आहे हे कळायला पूर्वी एकच वाट होती: हाक मारावी आणि ओ येते का पाहावे. झोप ती वाट बंद करी, म्हणून ती वैरीण ठरली. म्हणजे ही प्रथा मुळात पहारा देणाऱ्याच्या सोयीची होती, रुग्णाच्या मेंदूच्या गरजेची नव्हे. तिने जीव वाचवले नाहीत का, असे कोणी विचारील. वाचवले, पण ते मधूनमधून उठवून पाहण्याने, झोपमोडीने नव्हे. ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी 1974 मध्ये डोळे, बोलणे आणि हालचाल यांवरून शुद्धीची जी मोजपट्टी बांधली, ती म्हणजे तोच जुना पहारा अंकांत मांडलेला. त्याआधी, 1971 मध्ये, विम्बल्डनच्या एका रुग्णालयात पहिल्यांदा रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला होता आणि आतले रक्त डोळ्यांना दिसू लागले. जिथे स्कॅन तासन्‌तास दूर आहे, तिथे पहारा आजही हवा. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, डोळ्यांच्या लहानमोठ्या बाहुल्या किंवा उठवूनही न उठणे दिसले तर दवाखाना गाठायलाच हवा. रक्तस्राव नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यावर मात्र रुग्णाला जागे ठेवून काहीच साधत नाही.

मग प्रश्न उरतो तो मुक्या माराचा: जखम दिसत नाही, पण माणूस चिडतो, रडतो, रात्र रात्र तळमळतो. याचे काय करायचे हे कुणालाच ठाऊक नाही, हे पहिल्या महायुद्धात उघड झाले. चार्ल्स मायर्स यांनी फेब्रुवारी 1915 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’वर लिहिले, तेव्हा तोफगोळ्याच्या स्फोटाने मज्जासंस्थेलाच धक्का बसतो असा तर्क होता. पुढे स्फोटाजवळ न गेलेल्या सैनिकांतही तीच लक्षणे दिसली. ब्रिटिश सैन्याने मग दोन शिक्के केले: शत्रूच्या माऱ्याने झाले असेल तर ‘डब्ल्यू’, म्हणजे जखमी, नाहीतर ‘एस’, म्हणजे आजारी. पहिल्याला गणवेशावर जखमी असल्याची खूणपट्टी आणि निवृत्तिवेतनाचा हक्क मिळे, दुसऱ्याला ते नव्हते. दोघांनाही झोप लागत नसे, दोघेही दचकून उठत. फरक होता तो शिक्क्याचा. 1922 च्या सरकारी चौकशी समितीने ‘शेल शॉक’ हा शब्दच टाकून द्यावा असे सुचवले, पण शरीराला झाले तर दुखणे आणि मनाला झाले तर स्वभाव, ही फाळणी मात्र टिकली.

या फाळणीची भरपाई म्हणून की काय, पुढे लंबक दुसऱ्या टोकाला गेला: डोक्याला मार लागलेल्याला अंधारी खोली, ना पुस्तक, ना मित्र. विश्रांतीने कुणाचे काय बिघडते, हा आक्षेप साहजिक आहे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मिलवॉकीतल्या मुला-तरुणांवरच्या चाचणीत पाच दिवस कडक विश्रांती सांगितलेल्यांनी एक-दोन दिवस विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा जास्त लक्षणे नोंदवली. 2019 मध्ये बफेलोच्या संशोधकांनी किशोरवयीन खेळाडूंना लवकर हलका व्यायाम दिला. ते साधारण 13 दिवसांत सावरले, तर केवळ स्नायू ताणण्याचे व्यायाम केलेल्यांना 17 दिवस लागले. दिवसभर अंधारात पडून राहिलेल्याला रात्री गाढ झोप कशी लागणार? आणि झोप तुटली की चिडचिड वाढते, चिडचिडीने पुन्हा झोप तुटते. रात्रीची सलग झोप आणि दिवसभर खोलीत कोंडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजायला फार काळ गेला. 2022 च्या ॲम्स्टरडॅम परिषदेनंतर दुखापतीच्या काही दिवसांनी भरायचा जो तपासणी-अर्ज आला, त्यात मान, तोल आणि रक्तदाब यांच्याच रांगेत झोप, चिंता आणि उदासी यांचे प्रश्न आहेत. 1915 च्या दोन शिक्क्यांनी ज्यांची ताटातूट केली होती, ती दुखणी एकाच कागदावर आली आहेत.