मृदेतील प्राणवायू आणि मुळांची वाढ : एका विचाराचा इतिहास

पीकवाढीच्या विचारात पाणी व खत यांना जे महत्त्व मिळाले, ते मृदेतील हवेला फार उशिरा प्राप्त झाले. या विलंबाचे स्वरूप व परिणाम यांचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मुळांनाही प्राणवायू लागतो, हे जिनिव्हा येथील निकोला-थिओडोर द सोस्यूर यांनी १८०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिले. प्राणवायूविरहित वायूत मुळे ठेवलेली रोपे मेली; साध्या हवेतील जगली. तथापि हे ज्ञान शेताच्या बांधापर्यंत पोहोचण्यास दीर्घ काळ लागला.

दरम्यान दख्खनच्या अवर्षणप्रवण प्रदेशात पाण्याची उणीव भरून काढण्यासाठी कालवे खोदण्यात आले. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला. उसाला भरपूर पाणी मिळाले. परंतु कमी निचऱ्याच्या काळ्या जमिनीत भूजलपातळी वर आली व क्षार साचले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरॉल्ड मान व त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील या खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. क्षार डोळ्यांना दिसत होते. मुळांची घुसमट मात्र जमिनीखाली दडलेली होती.

या घुसमटीकडे बिहारमधील पुसा येथील अल्बर्ट व गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्याने लक्ष वेधले. १९१५ मध्ये त्यांनी मृदेच्या वायुवीजनावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. पुढे जावा निळीच्या मर रोगाचा संबंधही त्यांनी पावसाळ्यात नष्ट होणाऱ्या मुळांशी जोडला.

याचे कारण भौतिक आहे. पाण्यातून प्राणवायूचे विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट मंद होते. मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांचे श्वसन मंदावते, ऊर्जा घटते, अन्नद्रव्यांचे शोषण खुंटते आणि पाण्यात उभे असूनही पीक सुकते. भातासारख्या वनस्पती खोडातील वायुपोकळ्यांद्वारे मुळांना हवा पुरवतात. उसाला व कापसाला ते तितकेसे साधत नाही. १९५२ मध्ये लेमन व एरिक्सन यांनी प्लॅटिनमच्या सूक्ष्म विद्युदग्राच्या साहाय्याने मृदेतील प्राणवायूच्या विसरणाचे मापन केले. अशा रीतीने मुळांना होणारा हवेचा पुरवठा मोजता येऊ लागला.

मराठी शेतकऱ्याच्या ‘वाफसा’ या शब्दात मात्र ओलावा व हवा यांचा समतोल पूर्वापार अभिप्रेत आहे. सिंचनाच्या नियोजनात हा शब्द वेळीच शिरला असता, तर निचऱ्याची आखणी कालव्याबरोबरच झाली असती. ती मागे पडली आणि त्याची किंमत जमीन चोपण झालेल्या शेतकऱ्याने मोजली. पाणी देण्याइतकेच पाणी काढून देणे हेही सिंचनच होय, हाच या इतिहासाचा निष्कर्ष आहे.