माळ्यावरची खुर्ची

कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरील मलकापूर येथील आमच्या कौलारू घराची डागडुजी निघाली, तेव्हा माळ्यावरून फुटका कंदील, रिकामी कणगी आणि पोत्यात गुंडाळलेली एक मोडकी खुर्ची खाली उतरली. ती खुर्ची 'पोलंडवाल्यांची' आहे, असे आमची आजी सांगत असे. त्यामुळे ती जळणात टाकण्यास कोणाचाही हात धजावेना.

आजीच्या या बोलण्यामागे खरा इतिहास आहे. 1940-41 साली पूर्व पोलंडमधील लक्षावधी माणसांना सोव्हिएत राजवटीने सैबेरिया व मध्य आशियात हद्दपार केले. 1941 साली मुक्तता झाल्यावर त्यांपैकी काही इराणमार्गे हिंदुस्थानात पोचले. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे 1943 पासून 1948 पर्यंत त्यांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे, त्यांत स्त्रिया आणि मुलेच अधिक. बहुतेक सारे आपल्यासारखेच कॅथलिक. जे येथेच मरण पावले, त्यांच्या समाध्या कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. पुढे त्याच जागी सिंधी निर्वासितांची वस्ती झाली. तेच आजचे गांधीनगर.

अशा इतिहासाची एखादी खूण आपल्या घरात असावी, असे कोणास वाटणार नाही? आम्हांसही वाटले. म्हणून आम्ही खुर्ची पुसून नीट पाहिली.

चार कातीव पाय, त्यांच्या भोकांत बसणारे आडवे दांडे, चामड्याचे पट्टे आणि जाड कॅनव्हासची बैठक. खिळा वा सरस कोठेही नाही. माणूस बसला की त्याच्याच भाराने सांधे आवळतात, आणि उठल्यावर सारे भाग सुटे करून एका गुंडाळीत बांधता येतात. ही 'रुरकी खुर्ची' होय. रुरकी येथे लष्करी अभियंत्यांचे ठाणे होते. त्या गावावरून हे नाव पडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या तंबूंत ती रूढ झाली. डेन्मार्कच्या कारे क्लिंट यांनी 1933 साली तिच्यावरूनच आपली प्रसिद्ध 'सफारी' खुर्ची घडवली.

एका दांड्याच्या आतील बाजूस तीन रेघांचा बाण उमटलेला होता. ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची जुनी खूण. तिच्यासमोर टोकाला टोक भिडवून दुसरा बाण होता. वस्तू सेवेतून काढून रीतसर विकली, असा त्याचा अर्थ. महायुद्धानंतर असा 'डिस्पोजल'चा माल बाजारोबाजारी आला आणि अनेकांच्या ओसरीवर स्थिरावला. म्हणजे खुर्ची सैन्याची होती, हे लाकूड सांगते. छावणीविषयी मात्र ते काहीच सांगत नाही.

आम्ही थोडे हिरमुसलो, हे कबूल करतो. आजी खोटे बोलणारी नव्हती. पण मायेने जपलेली आठवण म्हणजे पुरावा नव्हे. ज्यांनी घरदार गमावले, त्यांच्या दुःखाची खूण म्हणून भलतीच वस्तू पुढे करणे हा त्यांचाच अवमान ठरला असता.

मग आम्ही तिला कोरड्या ब्रशाने झाडले. काचकागद वा पॉलिश लावले नाही, कारण त्याने शिक्के पुसले जातात. कुजलेला कॅनव्हास बदलला, पण त्याचा एक तुकडा जपून ठेवला. बाणांची छायाचित्रे काढली. नंतर, मलकापूरच्या पावसात ती पुन्हा माळ्यावर सडू नये म्हणून, नात्यातील एका शिक्षकाच्या स्वाधीन केली. त्यांच्या शाळेच्या वाचनखोलीत ती आता वापरात आहे.

सोबत एक चिठ्ठी दिली आहे. तिच्यात दोनच वाक्ये आहेत. 'शिक्क्यांवरून ही लष्कराने विकलेली रुरकी खुर्ची आहे. ती वळिवड्याच्या पोलिश छावणीतून आली, अशी आमच्या घरातील आठवण आहे.'

मुले खुर्चीत बसण्यापूर्वी ती चिठ्ठी वाचतात, आणि वळिवडे कोठे आहे, असे विचारतात. आजीला एवढे पुरले असते.