घंटा गेली, विश्वास उरला

सातारा जिल्ह्यात वाईजवळ कृष्णेच्या काठी मेणवली हे गाव आहे. नाना फडणविसांचा वाडा पाहून प्रवासी घाटाकडे उतरला, की मेणेश्वराच्या देवळालगत त्याला एक भव्य घंटा टांगलेली दिसते. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या पवित्र मरियेची आकृती आहे आणि १७०७ हे साल आहे. तीच कृष्णा पुढे आमच्या सांगलीवरून वाहते. विश्रामबागेतील एखादे कुटुंब वाईला जाऊन आले, की हमखास विचारते : आपली घंटा तेथे कशी? त्या प्रश्नात थोडी हळहळ असते, क्वचित रागही असतो. परंतु हा इतिहास शेवटपर्यंत ऐकला, तर हळहळीची जागा दुसरीच भावना घेते.

ही घंटा वसईची. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि त्यानंतर दोनशे वर्षे तेथे त्यांची सत्ता राहिली. किल्ल्यात देवालये आणि मठ उभे राहिले. जपानमध्ये १५९७ साली हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया याच वसईचे सुपुत्र. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. विजयाची खूण म्हणून देवालयांच्या घंटा मराठी मुलखात आल्या. एक मेणवलीस, एक भीमाशंकरी, एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात. पोर्तुगीज सैन्य गेले, अधिकारी गेले, युरोपीय संन्यस्तही गेले. मागे राहिला तो भूमिपुत्र : शेतकरी, कोळी, बागायतदार.

आता या लोकांचा विश्वास टिकण्याचे कारण काय होते? राजाश्रय संपला होता. ख्रिस्ती असण्यात कोणताही ऐहिक लाभ उरला नव्हता. तहाने मागे राहणाऱ्यांना आपला धर्म पाळण्याची मुभा दिली होती आणि ती नाकारली गेली नाही, हे मराठ्यांविषयी कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु मुभा म्हणजे आधार नव्हे. अनेक देवालये ओस पडली. काही कुटुंबे दुरावली, हेही लपवण्याचे कारण नाही. तरीही १७६० मध्ये आंकेतील द्युपेरों हा फ्रेंच प्रवासी साष्टीतून गेला, तेव्हा त्याला देशी धर्मगुरूंच्या हाती चाललेली देवालये आढळली आणि ठाण्याच्या सणाला ख्रिस्ती माणसे रस्त्यांतून मोकळेपणाने येता-जाता दिसली. सत्ता जाऊन एकवीस वर्षे झाली होती. विश्वास मात्र तेथेच होता. तो देशी धर्मगुरूंनी राखला, आणि त्यांच्याहीपेक्षा घराघरांतील जपमाळेने राखला. लोकांनी आपले लुगडे टाकले नाही, आपली बोली टाकली नाही. त्याच बोलीत त्यांनी मुलांना क्रुसाची खूण शिकवली. त्याच मातीत १९९८ मध्ये वसई धर्मप्रांत स्थापन झाला आणि तेथील पहिले महागुरुस्वामी थॉमस डाबरे २००९ मध्ये आपल्या पुणे धर्मप्रांताचे महागुरुस्वामी झाले.

वसईत दबाव परक्या सत्तेकडून येऊ शकत होता. गोव्यात तो ख्रिस्ती सत्तेकडूनच आला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. १६८४ मध्ये पोर्तुगीज राजप्रतिनिधीने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. पुराणाच्या तीन छापील आवृत्त्या निघाल्या होत्या. त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. परंतु भाविकांनी ते हाताने उतरून घेतले, घरात जपले, पिढ्यान् पिढ्या गायिले. त्या हस्तलिखितांवरूनच १९०७ मध्ये ते मंगळूरला पुन्हा छापले गेले. म्हणजे हा ग्रंथही छापखान्याने राखला नाही, घराने राखला.

दोन्ही कथांचा बोध आमच्या मते एकच आहे. भोवतालची संस्कृती ही विश्वासाची वैरीण नव्हे. वसईकर आपल्या संस्कृतीसहच ख्रिस्ती राहिले. शेजाऱ्याच्या घरी सणाला गेल्याने कोणाचा विश्वास जात नाही. अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा आदर करण्यास द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्येच आपणांस शिकवले आहे. विश्वास जातो तो घरातील प्रार्थना थांबल्याने.

आमच्या विश्रामबागेत कुटुंबे थोडी आणि विखुरलेली आहेत. कोणी वसईचे, कोणी गोव्याचे, कोणी नगरकडचे. वर्गात आपले मूल एकटेच ख्रिस्ती असते. रविवारी सकाळी मिस्साच्या वेळेलाच शिकवणीचा तास असतो आणि परीक्षा जवळ आली, की आईबाप मुलाला तिकडे धाडतात. येथे कोणी तलवार उगारलेली नसते, कोणी फर्मान काढलेले नसते. आपण आपल्याच हातांनी एक एक रविवार सोडून देतो. याचा सारा दोष प्रापंचिकांवर ढकलणेही न्यायाचे होणार नाही. देवालयाची कमान रंगवली, नवा ध्वनिक्षेपक बसवला, की धर्मग्राम बळकट झाला असे आम्हां धर्मगुरूंना वाटू लागते. मेणवलीची घंटा आम्हांस याच भ्रमाची आठवण देते.

ती घंटा परत मागण्याची गरज नाही. तिने आपले काम वसईत केले. आता ती दुसऱ्यांच्या प्रार्थनेच्या वेळी वाजो. मात्र तिच्यासमोर उभे राहिलात, तर मुलांना एवढे जरूर सांगा, की ही घंटा गेल्यावरही एका आईने संध्याकाळी दिवा लावला, मुलांना जवळ बसवले आणि नमो मरिया म्हणावयास आरंभ केला. आपण ख्रिस्ती आहोत ते तिच्यासारख्या मातांमुळे. आज संध्याकाळी आपल्या घरी तो आरंभ कोण करणार, हे ज्याने त्याने आपल्या घरातच ठरवावयाचे आहे.